ड्रायव्हर टाकला, तरी ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ परत का येतं?

परभणीच्या एका जिनिंगमधून फोन आला तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. फाटकाबाहेर टेम्पो-ट्रॅक्टरची रांग, काट्यावर एक ट्रॅक्टर चढलेला, आणि पावती काही निघेना. काट्यावरचा पोरगा म्हणाला, “दादा, ते परत आलं बगा. रातच्याला लाईट गेली व्हती, आन् आता डायव्हर सापडंना म्हणायलंय.” मागून कुणीतरी ओरडलं, “आरं डायव्हर हितंच हाय की, चहा प्यायलाय!”

हसू आलं, पण पोटात गोळाही आला. त्या मशीनवर तो ड्रायव्हर मी स्वतः जूनमध्ये टाकला होता आणि तेव्हापासून पावत्या सुरळीत निघत होत्या. मग तो एका रात्रीत गेला कुठे?

मांडणी अशी आहे. काट्याचं सॉफ्टवेअर वजन मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एक्सप्रेस आवृत्तीत लिहितं. शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढणारं पान पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत आहे. ते वजन तिकडून उचलतं आणि पट्टी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतं. म्हणजे एकाच पानाला दोन ड्रायव्हर, डेटाबेसशी बोलणारे दोन जोड-तुकडे, लागतात. काट्याच्या खोलीत विंडोज आणि झॅम्प (अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज), शेठच्या मोंढ्यातल्या ऑफिसात उबुंटू, आणि माझा जोडीदार मॅकवर काम करतो. हा एरर मी तिन्हीकडे पाहिला आहे. दर वेळी कारण वेगळं वाटलं, आणि खोदत गेलं की जवळपास तेच निघालं: ड्रायव्हर टाकला एका पीएचपीला आणि मागत होतं दुसरंच पीएचपी.

(कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.)

आधी एरर काय म्हणतोय ते ऐका

पीएचपीला स्वतःहून कोणत्याही डेटाबेसशी बोलता येत नाही. पीडीओ हा मधला आडत्या. तो २००५ मध्ये आवृत्ती ५.१ सोबत आला. तुमचा कोड आडत्याशी बोलतो, पण प्रत्येक डेटाबेससाठी आडत्याकडे वेगळा माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे ड्रायव्हर: पीडीओ_मायएसक्यूएल, पीडीओ_पीजीएसक्यूएल, पीडीओ_एसक्यूएलएसआरव्ही वगैरे. ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ याचा अर्थ आडत्या दुकानात आहे, पण त्या भाषेचा माणूस आज कामावर आलेला नाही.

म्हणजे अजून पासवर्ड तपासलेला नाही. सर्व्हरपर्यंत कुणी गेलेलंच नाही. तरीही हा एरर दिसला की लोक मायएसक्यूएल बंद-चालू करतात, पासवर्ड बदलतात, फायरवॉल उघडतात. एकाने तर डेटाबेसच नव्याने टाकला होता, आणि त्यात जुन्या नोंदी गेल्या. यातलं काहीही करू नका.

दोन चुलत एरर आहेत, त्यांची गल्लत होते. ‘कॉल टू अनडिफाइंड फंक्शन मायएसक्यूएलआय_कनेक्ट’ हा याच घरातला, उपायही तोच. पण फंक्शनचं नाव ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ असेल, म्हणजे मधलं ‘आय’ नसेल, तर प्रकरण वेगळं आहे. ते जुनं एक्स्टेन्शन (पीएचपीचा जोड-भाग) डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून काढूनच टाकलं. त्यासाठी ड्रायव्हर शोधत फिरू नका, कोड बदलावा लागेल.

आणखी एक फसवी गोष्ट: जोडणीच्या ओळीत सुरुवातीचं डेटाबेसच्या प्रकाराचं नाव चुकलं तरी हाच एरर येतो. पोस्टग्रेससाठी सुरुवातीला ‘पीजीएसक्यूएल’ लिहायचं असतं. कुणी ‘पोस्टग्रेस’ लिहिलं, किंवा मायएसक्यूएलच्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ लिहिलं, तर पीडीओ त्या नावाचा माणूस शोधतो आणि हात वर करतो. लातूरच्या एका कृषी सेवा केंद्राच्या बिलिंगमध्ये मी यावर अर्धा दिवस घालवला. ओळ मीच लिहिली होती, त्यामुळे ती तपासायचं डोक्यातच आलं नाही.

विचारणारं पीएचपी कोणतं?

कमांड विंडोत ‘पीएचपी -एम’ दिलं की लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी येते. ‘पीएचपी --आयएनआय’ दिलं की कोणती सेटिंग फाइल वाचली ते कळतं. इथपर्यंत सगळे करतात, यादीत पीडीओ_मायएसक्यूएल दिसतं, आणि मग डोकं धरून बसतात, की यादीत आहे तरी वेबसाइट नाही म्हणते.

कारण ती यादी टर्मिनलमधल्या पीएचपीची आहे. वेबसाइट चालवणारं पीएचपी अपाचीच्या पोटात किंवा एफपीएम नावाच्या सेवेच्या रूपात वेगळं चालू असतं. त्याची आवृत्ती वेगळी असू शकते, सेटिंग फाइल वेगळी असू शकते. त्याला विचारायचं तर ब्राउझरमधूनच विचारावं लागतं. एक छोटी फाइल करा, त्यात ‘पीएचपीइन्फो’ हे एकच फंक्शन बोलवा आणि ते पान उघडा. त्यातल्या या गोष्टी कागदावर उतरवा: आवृत्ती, ‘सर्व्हर एपीआय’, ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’, ‘आर्किटेक्चर’, ‘थ्रेड सेफ्टी’ आणि ‘एक्स्टेन्शन_डीआयआर’. काम झालं की फाइल लगेच उडवा. त्या पानावर मशीनची सगळी कुंडली असते, ती गावाला दाखवायची नसते.

मशीनवर किती पीएचपी आहेत ते विंडोजवर ‘व्हेअर पीएचपी’ आणि लिनक्स-मॅकवर ‘व्हिच -ए पीएचपी’ सांगतं. पण ते फक्त पाथमधलीच, म्हणजे मशीन कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांमधलीच, दाखवतं. झॅम्पच्या फोल्डरातलं बहुतेक वेळा त्यात नसतं.

आता फोनकडे परत येतो, कारण ‘परत’ आणि ‘लाईट’ हे दोन शब्द त्यातच होते. पीएचपी आपली सेटिंग फाइल आणि ड्रायव्हर सुरू होताना एकदाच वाचतं. अपाची चालू असताना पीएचपी.आयएनआय बदलली तर वेबसाइटला पत्ताच लागत नाही, ती जुन्यावरच चालत राहते. टर्मिनलमधलं पीएचपी मात्र दर वेळी नव्याने सुरू होतं, म्हणून त्याला बदल लगेच दिसतो.

जिनिंगमध्ये झालं ते असं: तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचा माणूस येऊन गेला होता. मोठ्या फाइली अपलोड व्हाव्यात म्हणून त्याने स्वतःची पीएचपी.आयएनआय माझ्या फाइलीवर चढवली, आणि माझ्या दोन ओळी गेल्या. अपाची चालूच होता, मशीन इन्व्हर्टरवर होतं, कुणाला काही जाणवलं नाही. त्या रात्री लाईट इतका वेळ गेली की बॅटरी उतरली, मशीन बंद पडलं आणि सकाळी अपाचीने पहिल्यांदा नवी फाइल वाचली. दोष लाईटीवर गेला. मी फाइलीवर राइट क्लिक करून बदलाची तारीख पाहिली तेव्हा खरं कळलं.

म्हणून वेबसाइट नीट चालतेय पण त्याच पीएचपीला टर्मिनलमधून विचारल्यावर ड्रायव्हर दिसत नसेल, तर ‘चालतंय ना’ म्हणून उठू नका. पुढच्या लोडशेडिंगला तुमचा फोन वाजणार आहे.

विंडोज

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. झॅम्पमध्ये मायएसक्यूएलचा आणि एसक्यूलाइटचा ड्रायव्हर आधीपासून असतो आणि चालू असतो. (झॅम्पमधलं ‘मायएसक्यूएल’ खरं तर मारियाडीबी आहे, पण ड्रायव्हर तोच लागतो.) पोस्टग्रेस हवं असेल तर पीएचपी.आयएनआयमध्ये ती ओळ शोधून सुरुवातीचा अर्धविराम काढायचा. पीएचपी ७.२ पासून नुसतं ‘एक्स्टेन्शन=पीडीओ_पीजीएसक्यूएल’ लिहिलं तरी चालतं. आधीच्या आवृत्तींत ड्रायव्हरच्या डीएलएल फाइलचं पूर्ण नाव द्यावं लागायचं.

पीएचपीची झिप सुटी उतरवली असेल तर तिच्यात पीएचपी.आयएनआय नसतेच. ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘प्रॉडक्शन’ अशा दोन नमुना फाइली असतात, त्यातली एक कॉपी करून नाव बदलायचं. इथे नोटपॅड घात करतं. ‘सेव्ह ॲज’ केलं की फाइलचं नाव पीएचपी.आयएनआय.टीएक्सटी होतं, आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवून ठेवतं. डोळ्याला नाव बरोबर दिसतं. पीएचपीइन्फोत ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’समोर ‘नन’ दिसलं तर आधी हेच तपासा. अशा झिपमध्ये एक्स्टेन्शन_डीआयआरची ओळही झाकलेली असते, ती उघडून ‘ईएक्सटी’ फोल्डर दाखवायचं.

एसक्यूएल सर्व्हरची गोष्ट निराळी. त्याचा ड्रायव्हर पीएचपीसोबत येत नाही, मायक्रोसॉफ्टकडून वेगळा उतरवावा लागतो. त्यात डझनभर डीएलएल असतात आणि निवड अचूक हवी: पीएचपी ८.१ असेल तर नावात ८१, थ्रेड सेफ असेल तर टीएस, नसेल तर एनटीएस, आणि ६४ बिट की ३२. झॅम्पमधलं पीएचपी अपाचीच्या पोटात चालतं, म्हणून ते टीएस. विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर फास्टसीजीआयमधून चालवत असाल तर साधारणपणे एनटीएस. विंडोज ६४ बिट आहे म्हणून पीएचपीही ६४ बिट असेल असं धरू नका, ‘आर्किटेक्चर’ची ओळ पाहा.

चुकीची डीएलएल ठेवली तर पीएचपी बंद पडत नाही, ती फाइल सोडून मुकाट्याने पुढे जातं. तक्रार अपाचीच्या एरर लॉगमध्ये असते, ‘अनेबल टू लोड डायनॅमिक लायब्ररी’ किंवा ‘अनेबल टू इनिशियलाइज मॉड्यूल’ या शब्दांत. त्या तक्रारीचा पुढचा भाग महत्त्वाचा. ‘बिल्ड आयडी’ जुळत नाही असं म्हणत असेल तर टीएस-एनटीएसचा किंवा कंपायलरचा घोळ आहे. ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ म्हणत असेल तर ३२-६४ची सरमिसळ. आणि ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ असेल तर आधी एक्स्टेन्शन_डीआयआर बरोबर फोल्डर दाखवतंय का ते पाहा. तिथे फाइल डोळ्यासमोर असूनही हेच येत असेल, तर ती फाइल आहे, पण तिला लागणारी दुसरी फाइल नाही. पोस्टग्रेसच्या बाबतीत ही दुसरी फाइल म्हणजे लिबपीक्यू.डीएलएल. ती पीएचपीच्या मूळ फोल्डरात असते आणि अपाचीला सापडत नाही. तो फोल्डर सिस्टिमच्या पाथमध्ये घातला की काम होतं.

एसक्यूएल सर्व्हरसाठी आणखी एक पायरी राहते: मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर, १७ किंवा १८. पीएचपीचा ड्रायव्हर त्याच्याच खांद्यावर बसलेला असतो. तो नसेल तर यादीत नाव दिसतं, पण जोडणी करताना ‘धिस एक्स्टेन्शन रिक्वायर्स द मायक्रोसॉफ्ट ओडीबीसी ड्रायव्हर’ असा स्वच्छ निरोप येतो. एवढा स्पष्ट बोलणारा एरर या सगळ्या भानगडीत दुसरा नाही.

सगळं केल्यावर झॅम्पच्या पॅनलमधून अपाची बंद करून चालू करा. ब्राउझर रिफ्रेश करणं म्हणजे अपाची पुन्हा सुरू करणं नव्हे.

उबुंटू

मोंढ्यातल्या ऑफिसात उबुंटू २२.०४ आहे आणि त्यासोबतचं पीएचपी ८.१. पुढे कधीतरी दुसऱ्या कामासाठी ओंद्रेय सुरी यांची पीपीए (बाहेरचं पॅकेज-भांडार) जोडली, जिच्यातून पीएचपीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात. चांगली सोय आहे, पण घोळाची सुरुवातही तिथूनच होते. आता ‘एपीटी इन्स्टॉल पीएचपी-मायएसक्यूएल’ म्हटलं की ते पीपीएतली सर्वांत नवी आवृत्ती उचलतं. ड्रायव्हर नव्या पीएचपीला बसतो, टर्मिनलचं नवं पीएचपीही आलेलं असेल तर ‘पीएचपी’ ही कमांडही नव्याकडे वळते, ‘पीएचपी -एम’ सगळं छान दाखवतं, आणि अपाची इकडे ८.१ वरच बसून ड्रायव्हर नाही म्हणत राहतो.

उपाय एका ओळीचा: आवृत्तीसकट नाव द्या. ‘पीएचपी८.१-मायएसक्यूएल’, ‘पीएचपी८.१-पीजीएसक्यूएल’, ‘पीएचपी८.१-एसक्यूलाइट३’. पहिल्या पॅकेजात मायएसक्यूएलआय आणि पीडीओ_मायएसक्यूएल दोन्ही येतात. मग अपाची पुन्हा सुरू करा. अपाचीच्या जागी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर पीएचपी८.१-एफपीएम ही सेवा पुन्हा सुरू करा. नुसतं एन्जिनएक्स सुरू करून काही होत नाही, ड्रायव्हर त्याच्याकडे नसतोच.

उबुंटूत सीएलआय (टर्मिनलमधलं पीएचपी), अपाची आणि एफपीएम यांच्या सेटिंग फाइली वेगवेगळ्या फोल्डरात असतात. ईटीसी, पीएचपी, ८.१ या वाटेने गेलात की दिसतील. ड्रायव्हर आहे पण एकालाच दिसत नाही, असं असेल तर ‘पीएचपीइएनमॉड’ ही कमांड आवृत्ती सांगून चालवा. फाइलीत हाताने ओळी घुसवू नका, पुढच्या वेळी कुठे काय लिहिलं ते आठवत नाही. मी माझ्या अनुभवाने सांगतो.

एसक्यूएल सर्व्हरचा ड्रायव्हर इथे पेकलने (पीएचपीची एक्स्टेन्शन टाकणारी कमांड) बांधावा लागतो. त्याआधी मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी, युनिक्सओडीबीसीचं डेव्ह पॅकेज आणि पीएचपी८.१-डेव्ह हवं. दोन खड्डे आहेत. पेकल ज्या पीएचपीला ‘मुख्य’ समजतं त्याच्यासाठी बांधतं, म्हणून ‘पीएचपीआइझ’ची आवृत्ती आधी पाहून घ्या. आणि लॉगमध्ये ‘अनडिफाइंड सिम्बॉल: पीएचपी_पीडीओ_रजिस्टर_ड्रायव्हर’ दिसलं तर क्रम चुकलाय. पीडीओ यायच्या आधीच त्याचा माणूस आला, दुकान बंद होतं. मॉड्यूलच्या आयएनआय फाइलीत वरती ‘; प्रायॉरिटी=३०’ (आधी अर्धविराम, मग एक मोकळी जागा) लिहून पीएचपीइएनमॉड परत चालवलं की तो पीडीओनंतर लोड होतो.

रेड हॅटच्या घराण्यात, म्हणजे अल्मा, रॉकी वगैरेंत, पॅकेजचं नाव पीएचपी-मायएसक्यूएलएनडी. तिथे ड्रायव्हर बसूनही ‘परमिशन डिनाइड’ आलं तर एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था आडवी आलीय. ती बंद करू नका, ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी’ हे बुलियन चालू करा.

मॅक

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. २०२१ च्या माँटरेपासून ॲपलने मॅकसोबत पीएचपी देणं बंद केलं. होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून पीएचपी घेतलं की मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट तिघांचे ड्रायव्हर आतच असतात. तरी एरर येत असेल तर बहुधा मॅम्पही (झॅम्पसारखंच पॅकेज) टाकलेलं असतं. त्याचं पीएचपी ॲप्लिकेशन्समध्ये वेगळं राहतं आणि टर्मिनलला होमब्रूचं दिसतं. माझ्या जोडीदाराचं तेच झालं होतं. इंटेल मॅकवरून ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर आलेल्यांकडे युझर-लोकल आणि ऑप्ट-होमब्रू अशा दोन्ही जागी पीएचपी सापडतं. जुनं काढून टाका.

डॉकर वापरणाऱ्यांना एवढंच: अधिकृत पीएचपी इमेजमध्ये पीडीओ_मायएसक्यूएल नसतं. ‘डॉकर-पीएचपी-ईएक्सटी-इन्स्टॉल’ने ते डॉकरफाइलमध्येच घाला. चालू कंटेनरात शिरून टाकलेला ड्रायव्हर कंटेनर नव्याने बनला की नाहीसा होतो.

एरर बदलला? चांगलं झालं

ड्रायव्हर सापडला की बहुतेक वेळा दुसरा एरर येतो आणि लोक खचतात. खचू नका, आता तुम्ही डेटाबेसच्या दारात आहात. ‘२००२, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर ‘लोकलहोस्ट’च्या जागी १२७.०.०.१ लिहून पाहा. लिनक्स-मॅकवर लोकलहोस्ट म्हटलं की पीएचपी सॉकेट फाइल शोधतं, पोर्ट नव्हे. ‘१०४५, ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे आता कुठे पासवर्डची बारी आली. मायएसक्यूएल ८ आणि पीएचपी ७.४ पेक्षा जुनं असेल तर ‘ऑथेंटिकेशन मेथड अननोन’ येतं, तिथे पीएचपी वर नेणं हाच सरळ मार्ग.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी मुळात बंद असतं. दुसऱ्या मशीनवरून जोडायचं तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ते चालू करून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. आणि ओडीबीसी १८ आपणहून एन्क्रिप्शन मागतं, त्यामुळे १७ वरून १८ वर गेलात की प्रमाणपत्रावर विश्वास नाही असा एरर येतो. एकाच खोलीतल्या, बाहेर न उघडलेल्या जोडणीत मी ‘ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट’ चालू ठेवतो. सर्व्हर बाहेर कुठे असेल तर खरं प्रमाणपत्र बसवा.

जिनिंगमध्ये मी फोनवरूनच दोन ओळी परत लिहायला सांगितल्या, अपाची बंद-चालू केला, आणि ट्रॅक्टर काट्यावरून उतरला. नंतर पीएचपी.आयएनआयची तारीख घातलेली प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, आणि त्या मशीनवरूनच उघडेल असं एक चिमुकलं पान केलं. पीडीओचं ‘गेटअव्हेलेबलड्रायव्हर्स’ एवढंच त्यात आहे, ते हजर ड्रायव्हरांची नावं छापतं: आपले दोन आणि झॅम्पमध्ये आधीपासून चालू असलेला एसक्यूलाइटचा. पोरगा रोज सकाळी काटा शून्यावर आणायच्या आधी ते उघडतो. लाईट जाऊन आली असली की मला मेसेज येतो, “तिन्ही डायव्हर हायेत दादा. गाड्या घ्यायलो.”